गोगलगाय खाणारा हवाईचा पतंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅसिफिक महासागराच्या मधोमध असलेल्या हवाई बेटांवर नखाएवढा एक पतंग राहतो. त्याची अळी झाडाच्या पानावर विसावलेल्या जिवंत गोगलगायीला रेशमाच्या धाग्यांनी जखडून टाकते आणि मग तिच्या शंखात शिरून तिला खाते. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा त्यावर सहसा विश्वास बसत नाही आणि मग प्रश्नांची रांग लागते. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

हा पतंग नेमका कोणता, आणि तो कुठे आढळतो?

त्याचे शास्त्रीय नाव हायपोस्मोकोमा मोलस्किव्होरा असे आहे. यातला पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. मराठीत या दोन शब्दांची बऱ्याचदा गल्लत होते, म्हणून आधीच सांगितलेले बरे : एका प्रजातीत अनेक जाती असतात, आणि हायपोस्मोकोमा या एकाच प्रजातीत आजवर साडेतीनशेहून अधिक जातींना नावे मिळालेली आहेत. त्या सगळ्या हवाई द्वीपसमूहातल्याच असून जगाच्या पाठीवर इतरत्र कुठेही त्यांपैकी एकही आढळत नाही.

आपला पतंग माउई आणि मोलोकाई या दोन बेटांवरून नोंदवला गेला आहे. नकाशावर पाहिले तर मोलोकाई आणि आपले नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात. हवा मात्र अगदी निराळी, कारण तिथे चहूबाजूंनी हजारो किलोमीटर समुद्र आहे. मोलोकाईचे क्षेत्रफळ सुमारे ६७३ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून होणाऱ्या क्षेत्रापेक्षा जेमतेम थोडे जास्त.

नावाचा अर्थ काय? मराठी नाव आहे का?

‘मोलस्किव्होरा’ म्हणजे मृदुकाय प्राणी खाणारा. गोगलगायी, शिंपले, कालवे हे सगळे मृदुकाय प्राणी होत. मराठीत या पतंगाला रुळलेले नाव नाही, आणि जो प्राणी आपल्या भूमीवर कधी नव्हता त्याला ओढूनताणून संस्कृतप्रचुर नाव देण्यापेक्षा ‘गोगलगाय खाणारा पतंग’ असे सरळ म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते. अर्थात गोगलगाय खाते ती अळी, हे लक्षात ठेवावे.

प्रौढ पतंग दिसायला कसा असतो?

दिव्याभोवती फिरणाऱ्या ज्या बारीक पतंगांकडे आपण लक्षही देत नाही, त्यांच्यासारखाच. कॉस्मोप्टेरिजिडी नावाच्या ज्या कुळात तो मोडतो, त्यातले पतंग लहान असतात, त्यांचे पंख अरुंद असतात आणि पंखांच्या कडांना बारीक केसांची झालर असते. प्रौढाकडे पाहून त्याच्या अळीच्या शिकारीची पुसटशीही कल्पना येत नाही. या जातीचे सगळे वेगळेपण तिच्या अळीच्या अवस्थेत आहे आणि त्यामुळे पुढची बहुतेक उत्तरेही अळीबद्दलच आहेत.

अळी खोळीत राहते म्हणजे काय? ही खोळ म्हणजे कोष का?

नाही. कोष ही अळीनंतरची अवस्था आहे, तीत हालचाल नसते आणि आतमध्ये अळीचा पतंग होत असतो. खोळ हे अळीने स्वतःसाठी विणलेले चालतेफिरते घर असते. ती जाईल तिथे हे घर तिच्याबरोबर ओढले जाते, आणि ती वाढत जाते तशी खोळही वाढवत नेते. वाढ पूर्ण झाली की याच खोळीत ती कोषावस्थेत जाते.

ज्यांना हे डोळ्यांपुढे आणायला कठीण जाते त्यांनी आपल्याच घरातली भिंत आठवावी. कोकणात, मुंबईत, एकूणच दमट हवेच्या गावांत न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा कपाटामागे राखाडी रंगाची, भोपळ्याच्या बीसारखी चपटी, मधोमध रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी एक वस्तू चिकटलेली दिसते. पहिल्यांदा ती कचऱ्याचा तुकडा वाटते. थोडा वेळ स्थिर उभे राहून पाहिले की एका टोकातून तपकिरी डोके आणि तीन जोड्या इवले पाय बाहेर येतात, भिंत पकडतात आणि मागचे ‘बी’ पुढे ओढून घेतात. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोके झटकन आत जाते, आणि काही वेळाने दुसऱ्या टोकातून बाहेर येते, कारण खोळ दोन्ही बाजूंनी उघडी असते आणि अळी आतल्या आत वळू शकते. ही फेरिओइका नावाच्या, अगदी वेगळ्या कुळातल्या पतंगाची अळी आहे. ती धूळ, वाळूचे कण आणि केस रेशमाने सांधून खोळ बनवते आणि कोळ्याची जुनी जाळी, गळलेले केस, लोकर यांवर जगते. तिचा आणि हवाईच्या पतंगाचा जवळचा संबंध नाही, परंतु खोळीत राहणारी अळी चालते कशी आणि लपते कशी हे तिच्याइतके चांगले दुसरे कोणी आपल्याला घरबसल्या दाखवत नाही.

हायपोस्मोकोमाच्या वेगवेगळ्या जातींच्या खोळी मात्र घडणीत थक्क करणाऱ्या आहेत. कुणाची शंकूसारखी, कुणाची विडीसारखी लांबट, कुणाची दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या गोळीच्या कागदासारखी, तर कुणाची दोन शिंपा जोडल्यासारखी. त्यावर लाकडाचा भुसा, वाळू, दगडफूल किंवा शेवाळ असे ज्या त्या परिसरातले साहित्य चिकटवलेले असते. गोगलगाय खाणारी अळी तर कधी कधी रिकामे शंखही खोळीला चिकटवते. हे बहुधा लपण्यासाठी असावे.

अळी गोगलगायीला पकडते तरी कशी?

ज्या गोगलगायींची ती शिकार करते त्या टॉर्नाटेलिडिस या प्रजातीतल्या असतात. त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान असतात, आणि अळीची खोळ सेंटिमीटरभराच्या आसपास असते. म्हणजे आपण जे दृश्य पाहणार आहोत ते करंगळीच्या नखावर पूर्ण मावेल.

गोगलगाय पानावर विसावलेली असते. अळी खोळ ओढत तिच्यापर्यंत पोहोचते आणि शंखाची कड व पानाचा पृष्ठभाग यांच्यामध्ये एकामागून एक रेशमाचे धागे घालू लागते. तंबूला दोऱ्या बांधाव्यात तसे हे धागे शंखाला पानाशी आवळत जातात. असे बांधून टाकण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गोगलगायीला धोका जाणवला तर शंखात आक्रसून पानावरची पकड सोडणे आणि खाली गळून पडणे हा तिच्या बचावाचा सोपा मार्ग असतो. खालच्या पाचोळ्यात पडलेला ज्वारीएवढा शंख पुन्हा शोधणे अळीला जवळजवळ अशक्य असते. एकदा शंख पानाला बांधला गेला की ही वाट बंद होते.

त्यानंतर अळी आपली खोळ शंखाच्या तोंडाशी टेकवते किंवा तोंडातच रोवते आणि स्वतःचे शरीर खोळीबाहेर ताणत आत शिरू लागते. गोगलगाय मागे सरकत शंखाच्या वळणात आणखी खोल जाते, अळी तिचा माग काढत तितकीच पुढे जाते, आणि शेवटी मागे सरकायला जागाच उरत नाही. शंख हा गोगलगायीचा किल्ला खरा, पण त्याला चोरदरवाजा नसतो. अळी तिला जिवंतपणीच खाते आणि मागे रिकामा शंख उरतो.

कोळीही असेच करतो ना? मग यात नवे काय?

साम्य दिसते ते कामात, अवयवात नाही. कोळ्याचे रेशीम त्याच्या पोटाच्या मागच्या टोकाकडून निघते. अळीचे रेशीम तिच्या खालच्या ओठाशी असलेल्या सूक्ष्म नळीतून निघते, आणि ते द्रव्य बनवणाऱ्या ग्रंथी जवळजवळ सगळ्याच फुलपाखरांच्या व पतंगांच्या अळ्यांकडे असतात. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ज्या अळ्यांपासून टसरचा कोसा मिळतो, त्यांचेही रेशीम तोंडातूनच येते. म्हणजे साधन सगळ्यांकडे आहे. अळ्या त्याचा उपयोग कोष विणायला, पान दुमडायला, खोळ बनवायला, उंचावरून लोंबकळत खाली उतरायला करतात. जिवंत भक्ष्य बांधून ठेवण्यासाठी रेशीम वापरणारी अळी मात्र हिच्याआधी कुणी पाहिलेली नव्हती, आणि गोगलगायींवर जगणारी अळीही पाहिलेली नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच प्राण्यात एकदम सापडल्या म्हणून जगभरच्या अभ्यासकांचे तिच्याकडे लक्ष गेले.

हा शोध कधी लागला आणि कुणी लावला?

हवाई विद्यापीठातले डॅनियल रुबिनॉफ आणि विल्यम हेन्झ यांनी या जातीचे वर्णन २००५ सालच्या जुलैमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. प्रजातीचे नाव त्याच्या बरेच आधीचे आहे. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ आर्थर गार्डिनर बटलर यांनी ते १८८१ मध्ये दिले, आणि पुढे १९०७ मध्ये लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांनी हवाईच्या पतंगांवरील मोठ्या ग्रंथात तिच्यातल्या कितीतरी जातींची नोंद केली. परंतु जुन्या काळचा बराचसा अभ्यास टाचणीला टोचलेल्या प्रौढ पतंगांवर झालेला होता. अळी काय खाते आणि कशी वागते हे कळायचे तर ती जिवंत सापडावी लागते, घरी आणून वाढवावी लागते, तिच्यासमोर बसून राहावे लागते. पहिले वर्णन होऊन सव्वाशे वर्षे उलटल्यावर हे समोर आले, याचे कारण मला तरी यातच दिसते.

ती फक्त गोगलगायीच खाते का? उपाशी राहिली तर पाने खाईल ना?

नाही खात. अभ्यासकांनी तिला पाने आणि दगडफूल देऊन पाहिले, तेव्हा उपाशी राहूनही तिने त्यांना तोंड लावले नाही. ही सवय अडीअडचणीला पत्करलेली नाही, हा तिचा पक्का आहार आहे.

मांसाहारी अळ्या इतरत्रही असतात का?

असतात, पण फार थोड्या. जगात फुलपाखरे आणि पतंग यांच्या मिळून दीड लाखांहून अधिक जाती माहीत आहेत आणि त्यांपैकी निव्वळ शिकारीवर जगणाऱ्या जाती ०.२ टक्क्यांहूनही कमी भरतात. आपल्याकडे महाराष्ट्रात एपफ्लाय नावाचे लहानसे फुलपाखरू आहे, त्याची अळी पिठ्या ढेकूण खाते. जास्वंदीच्या फांदीवर पिठ्या ढेकणांचा पांढरा कापूस दिसला तर त्यात कधी कधी तशीच पांढरी भुकटी अंगावर घेतलेली ही अळी बसलेली असते. पण पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, त्याला पकडणे म्हणजे चरण्यासारखेच आहे.

खरी झडप घालणाऱ्या अळ्या पाहायच्या तर पुन्हा हवाईलाच जावे लागते. तिथल्या युपिथेशिया प्रजातीच्या अनेक जातींच्या अळ्या वाळल्या काटकीसारख्या ताठ उभ्या राहतात, आणि एखादी माशी त्यांच्या पाठीमागच्या केसांना स्पर्शून गेली की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मागे वळून तिला पायांत पकडतात. स्टीव्हन माँटगोमेरी यांनी १९७० च्या दशकात ही गोष्ट उजेडात आणली. याच प्रजातीच्या शेकडो जाती जगाच्या इतर भागांत आहेत आणि तिथे त्यांच्या अळ्या फुले, बिया, पाने अशा वनस्पतींच्या भागांवरच जगतात.

मग हे सगळे हवाईतच का घडले?

या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे.

हवाई बेटे कधीही कोणत्याही खंडाला जोडलेली नव्हती. समुद्रतळातून उसळलेल्या लाव्हाने ती एकेक करून वर आली, आणि उत्तर अमेरिकेचा किनारा तिथून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर आहे. त्यामुळे तिथे जे जीव पोहोचले ते वाऱ्यावर, लाटांवर किंवा पक्ष्यांच्या पिसांना चिकटून, लाखो वर्षांतून एखाद्या वेळी. अशा प्रवासात जे तगले तेवढेच आले, बाकीच्यांची जागा रिकामी राहिली. हवाईत मूळच्या मुंग्या नाहीत. वसाहत करून राहणाऱ्या गांधीलमाश्या नाहीत. जमिनीवरचे मूळचे सरडे, साप, बेडूक नाहीत. स्थानिक फुलपाखरांच्या जाती अवघ्या दोन आहेत. आपल्या सह्याद्रीत एका झाडाखाली हात घातला तर जितक्या प्रकारचे शिकारी कीटक सापडतील, त्यांपैकी बहुतेकांचा त्या बेटांना पत्ताच नव्हता.

सह्याद्रीचे उदाहरण मुद्दाम घेतले. मे महिन्याच्या अखेरीस पुरुषवाडी, भंडारदरा, राजमाची इथे काजवे पाहायला माणसांची रीघ लागते. या काजव्यांच्या अळ्या पाचोळ्यात राहतात आणि काजव्यांच्या अळ्यांचे आवडते खाद्य म्हणजे गोगलगायी. आपल्याकडे लहान गोगलगाय खाणाऱ्याची जागा अशी आधीच भरलेली आहे, आणि एखाद्या पतंगाच्या अळीने त्या वाटेला जाऊ पाहिले असते तर तिला तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले स्पर्धक भेटले असते, शिवाय वाटेत मुंग्यांनीही गाठले असते. हवाईत गोगलगायी भरपूर होत्या आणि त्यांना खाणारे थोडे होते. तिथे गेलेल्या मूठभर जीवांच्या वंशजांना हव्या त्या दिशेने पसरायला मोकळे रान मिळाले.

तरीही प्रश्न पुरता सुटत नाही, कारण जगात एकाकी बेटे इतरही आहेत. हायपोस्मोकोमाच्या अळ्यांकडे खोळ आणि रेशमाने स्वतःला पृष्ठभागाशी बांधून ठेवण्याची सवय आधीपासून होती. जो धागा स्वतःला घट्ट धरून ठेवण्यासाठी होता तोच दुसऱ्याला घट्ट धरण्यासाठी वापरला गेला, असा माझा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा.

माउई आणि मोलोकाई ही दोन वेगळी बेटे असताना एकच जाती दोन्हीकडे कशी?

हिमयुगांमध्ये समुद्राची पातळी बरीच खाली गेली होती, तेव्हा माउई, मोलोकाई, लानाई आणि काहोओलावे ही चार बेटे एकाच मोठ्या बेटाचे भाग होती. भूशास्त्रज्ञ त्याला माउई नुई, म्हणजे मोठे माउई, म्हणतात. पुढे पाणी चढले आणि मधली सखल जमीन बुडाली. एकच जाती दोन्ही बेटांवर असण्याचा हा सरळ खुलासा दिसतो.

हे पतंग बेटांपेक्षाही जुने आहेत असे म्हणतात, ते कसे शक्य आहे?

ऐकायला विचित्र वाटते, पण शक्य आहे. हवाईची बेटे एका सरकत्या पट्ट्यावरच्या पुटकुळ्यांसारखी आहेत. खालचा उष्ण लाव्ह्याचा उगम जागच्या जागी राहतो आणि वरचे भूपटल वायव्येकडे सरकत राहते. त्यामुळे आग्नेयेकडे नवे बेट जन्मते आणि वायव्येकडची जुनी बेटे झिजत झिजत शेवटी पाण्याखाली जातात. आजच्या मोठ्या बेटांपैकी सर्वांत जुने काउआई सुमारे ५० लाख वर्षांचे आहे. हायपोस्मोकोमाच्या जनुकीय अभ्यासातून मात्र असे दिसते की या वंशाचा विस्तार सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला. म्हणजे त्यांचे पूर्वज ज्या उंच, हिरव्या बेटांवर प्रथम उतरले, ती बेटे आज निव्वळ खडक, वाळूचे पट्टे किंवा समुद्राखालचे डोंगर झाली आहेत, आणि हे इवले पतंग जुने बेट बुडण्याआधी पुढच्या नव्या बेटावर पोहोचत राहिले. नेकर आणि लेसान यांसारख्या दूरच्या, उजाड होत गेलेल्या बेटांवर या प्रजातीच्या जाती आजही आहेत.

या प्रजातीतल्या इतर अळ्याही अशाच विलक्षण आहेत का?

बहुतेक जाती दगडफूल, शेवाळ, कुजके लाकूड, पाचोळा यांवर शांतपणे जगतात. पण दोन अपवाद सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिला अपवाद पाण्यातला. या प्रजातीतल्या बारा जातींच्या अळ्या वाहत्या ओढ्यात पाण्याखालीही जगतात आणि कोरड्या खडकावरही जगतात. हे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. या अळ्यांना कल्ले नाहीत. त्या त्वचेतून प्राणवायू घेतात, आणि म्हणूनच त्यांना खळाळते पाणी लागते, साचलेल्या पाण्यात त्या गुदमरतात. प्रवाहाने वाहून जाऊ नये म्हणून त्या रेशमाच्या दोरीने खडकाला स्वतःला बांधून ठेवतात. हे वैशिष्ट्य या वंशात एकदाच नव्हे, किमान तीन वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाले आहे.

दुसरा अपवाद ओआहू बेटावरचा. २०२५ च्या एप्रिलमध्ये रुबिनॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अळीची माहिती प्रसिद्ध केली, तिला इंग्रजीत ‘बोन कलेक्टर’, म्हणजे हाडे गोळा करणारी, असे टोपणनाव मिळाले. ती कोळ्याच्या जाळ्यात राहते, जाळ्यात अडकलेले मेलेले किंवा दुबळे कीटक खाते, आणि उरलेली डोकी, पंख, पाय नीट मापून, फिरवून आपल्या खोळीवर चिकटवते, जेणेकरून शिकाऱ्याच्याच घरात ती उष्ट्याखरकट्याचा ढीग भासते. वीस वर्षांहून अधिक काळाच्या शोधात ती जेमतेम साठेक वेळा सापडली आहे आणि तीही डोंगराच्या सुमारे १५ चौरस किलोमीटर पट्ट्यात. एवढासा भाग वणव्यात किंवा मुंग्यांच्या आक्रमणात गेला तर ती कायमची गेली.

या अळीमुळे हवाईच्या गोगलगायी संपतील का?

अजिबात नाही. या दोघी लाखो वर्षे एकमेकींबरोबर राहिल्या आहेत. गोगलगायी संपवल्या त्या माणसाने आणि माणसाने आणलेल्या प्राण्यांनी. हवाईत जमिनीवरच्या गोगलगायींच्या साडेसातशेच्या वर जाती होत्या आणि त्यांपैकी बहुसंख्य आज नामशेष झाल्या आहेत. त्यांना तिथे काहुली म्हणतात आणि रात्री झाडांवर त्या गातात असे तिथले लोक परंपरेने सांगत आले आहेत. १ जानेवारी २०१९ रोजी, जपणूक केंद्रात ठेवलेली, जॉर्ज या नावाने ओळखली जाणारी एक गोगलगाय मेली आणि तिच्याबरोबर अकाटिनेला अपेक्सफुल्व्हा ही जातीच जगातून गेली. आपल्या अळीचे भक्ष्य असलेली टॉर्नाटेलिडिस त्याच कुळातली आहे. या बारीक गोगलगायी मोठ्या भावंडांपेक्षा अजून बऱ्यापैकी टिकून आहेत, पण चिंता आहे ती वेगळी : ज्याचा आहार इतका एकांगी, त्याचे भवितव्य भक्ष्याच्या भवितव्याला बांधलेले असते. गोगलगाय गेली तर पतंग दुसरे काही खाणार नाही.

पतंगाला थेट धोका कशाचा आहे?

बाहेरून आलेल्या मुंग्यांचा सर्वांत मोठा. ज्या बेटांवर मुंगीच नव्हती तिथल्या अळ्यांना मुंगीपासून वाचण्याची तयारी कुठून असणार? त्याखालोखाल डुकरे आणि बकऱ्या, ज्या जंगलातला खालचा थर उकरून आणि चरून फस्त करतात. तिसरा धोका कमी दिसणारा आहे. पिकांवरच्या किडी मारण्यासाठी हवाईत अनेक परोपजीवी गांधीलमाश्या मुद्दाम सोडण्यात आल्या, त्या शेतात थांबल्या नाहीत. काउआईच्या अलाकाई दलदलीतल्या स्थानिक पतंगांच्या अळ्यांमधून जे परोपजीवी बाहेर आले, त्यांपैकी ८३ टक्के अशा मुद्दाम आणलेल्या जातींचे होते आणि केवळ ३ टक्के मूळचे, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. ज्या जंगलात कीडनाशक कधी शिंपडले गेले नाही, तिथेही शेतीच्या निर्णयांचा परिणाम असा पोहोचलेला आहे.

आमच्या सोयाबीनवर शंखी गोगलगायी येतात. त्यांच्यासाठी ही अळी आणता येईल का?

हा प्रश्न मराठवाड्यातून येतो आणि त्यामागची तळमळ खरी आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब जमिनीलगत कुरतडून शेतेच्या शेते बसवली होती, आणि कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. तरी उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असेच आहे, आणि त्याची कारणे दोन.

पहिले कारण मापाचे. हवाईची अळी ज्वारीएवढी गोगलगाय बांधते. शेतात येणाऱ्या आफ्रिकन गोगलगायीचा शंख पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. तिच्यापुढे ही अळी म्हणजे बैलगाडीला बांधलेला सुताचा धागा.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, आणि ते खुद्द हवाईनेच भोगलेले आहे. हीच आफ्रिकन गोगलगाय १८४७ मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि तिथून भारतभर पसरली. हवाईत ती १९३६ मध्ये पोहोचली. तिला आवरण्यासाठी १९५५ मध्ये फ्लोरिडातून युग्लँडिना नावाची, दुसऱ्या गोगलगायींना खाणारी एक गोगलगाय आणून सोडण्यात आली. तिने आफ्रिकन गोगलगाय आटोक्यात आणली नाही. तिने डोंगरावर चढून निरुपद्रवी, स्थानिक गोगलगायींचा फडशा पाडला, आणि वर सांगितलेल्या विनाशात तिचा वाटा फार मोठा आहे. त्यामुळे एका ठिकाणचा शिकारी उचलून दुसरीकडे नेण्याचा विचार मनात आला की आधी युग्लँडिना आठवावी. सोयाबीनसाठी आज उपयोगी पडतात ते कष्टाचेच उपाय : पहिल्या पावसानंतर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधाबांधाने अंथरणे, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचणे आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकणे, बांध स्वच्छ ठेवणे, आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कृषी विभागाच्या सल्ल्यानेच, जनावरे व मुले यांच्यापासून दूर वापरणे. शेजारच्या सर्व शेतकऱ्यांनी एकाच वेळी केले तरच याचा गुण येतो.

हवाईला गेल्यास ही अळी पाहायला मिळेल का? सोबत आणता येईल का?

आणता येणार नाही आणि आणूही नये. पाहायला मिळणेही सोपे नाही, कारण पानाच्या आडोशाला असलेली सेंटिमीटरभर खोळ सरावलेल्या डोळ्यांनाच दिसते. जंगलात शिरण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून पुसून स्वच्छ करण्याच्या सूचना तिथे जागोजागी असतात. त्या काटेकोरपणे पाळाव्यात, कारण बी, बुरशी आणि मुंगी बुटाच्या खाचेतूनच आत जाते.

महाराष्ट्रात बसून या विषयातले काय पाहता येईल?

न्हाणीघराच्या भिंतीवरची ती भोपळ्याची बी. सोबत एक भिंग आणि पंधरा मिनिटे लागतात. ती केरसुणीने झटकण्याआधी काचेच्या लहान बरणीत ठेवावी, झाकणाला बारीक छिद्रे पाडावीत आणि तिच्यापुढे रंगीत लोकरीचे दोन-चार बारीक तुकडे टाकावेत. काही दिवसांनी खोळीच्या टोकाशी नवा घेर वाढलेला दिसला तर त्यात कधी कधी त्याच रंगाचा तंतू विणलेला सापडतो. तारीख लिहून ठेवावी, खोळीची लांबी पट्टीने मोजावी आणि पाहून झाल्यावर ती अळी पुन्हा त्याच भिंतीवर सोडून द्यावी.